परसबागेतील पावसाळाअखेरची काढणी आणि जीवसृष्टी

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरखर्चापुरता भाजीपाला, फळे, फुले व औषधी वनस्पती यांची जी छोटी लागवड केली जाते, तिला परसबाग म्हणतात. महाराष्ट्रात मृगाच्या पावसावर लावलेल्या परसबागेतील भाज्यांची मुख्य काढणी श्रावणाच्या उत्तरार्धापासून आश्विनापर्यंत, म्हणजे साधारणतः ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालते. उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण देशांत हा काळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धाचा व शरदाच्या आरंभाचा असतो आणि तेथील घरगुती बागांमध्येही तो सुगीचाच मानला जातो.

याच काळात बागेतील कीटक, पक्षी, बेडूक, सरपटणारे प्राणी व लहान सस्तन प्राणी यांची वर्दळ वाढलेली असते. काढणी आणि ही जीवसृष्टी या दोन वेगळ्या बाबी नाहीत. बहुतेक वेलवर्गीय भाज्यांना फळ धरते ते फुलांना भेट देणाऱ्या कीटकांमुळे. आणि वेळेवर न तोडलेले फळ हेच फळमाशी, उंदीर व माकडे यांना मिळणारे आमंत्रण ठरते. त्यामुळे कोणते फूल केव्हा उमलते, त्यावर कोण येते आणि फळ केव्हा तोडावे, या तीन गोष्टींच्या माहितीवर परसबागेचे उत्पन्न बऱ्याच अंशी अवलंबून असते.

नाव व स्वरूप

‘परस’ म्हणजे घरामागील आवार. घराच्या मागच्या दाराला परसदार म्हणतात, ते यावरूनच. कोकणात अशा जागेला परडे असेही म्हणतात. परसबागेचे क्षेत्र लहान असले तरी तिच्यात पिकांची संख्या मोठी असते. कुंपणालगत शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ व अळू. अंगणात भेंडी, वांगी, मिरची. आणि बांबूच्या मांडवावर किंवा ताटीवर दोडका, पडवळ, कारले, दुधी व काकडी, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. तांबडा भोपळा व कोहळा यांचे वेल जमिनीवर, कुंपणावर किंवा गोठ्याच्या छपरावर सोडले जातात.

एकाच पिकाचे सलग क्षेत्र नसल्यामुळे परसबागेत एखाद्या किडीला अमर्याद खाद्य मिळत नाही. निरनिराळ्या उंचीच्या व निरनिराळ्या वेळी फुलणाऱ्या वनस्पती एकत्र असल्याने परागीभवन करणारे कीटक आणि किडींवर जगणारे भक्षक यांना मात्र वर्षाचा बराच काळ आसरा मिळतो.

ऋतुमान आणि फळधारणा

कुष्मांडवर्गीय वेलींवर, म्हणजे काकडी, भोपळा, दुधी, दोडका, कारले व पडवळ यांवर, साधारणपणे नर फुले व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवल्या फळासारखा फुगीर भाग दिसतो. नर फुलाचा देठ साधा असतो. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात व ती गळून पडतात. त्यांना ‘वांझ फुले’ समजून खुडून टाकण्याची चूक अनेकदा होते. प्रत्यक्षात पुढील फळधारणेसाठी लागणारे पराग नर फुलांतूनच मिळतात.

आषाढ-श्रावणातील संततधारेत मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत आणि परागही भिजून निकामी होतात. त्यामुळे वेल जोमदार वाढूनही फळे कमी धरतात. भाद्रपदात पावसाला खंड पडू लागतो, ऊन निघते, कीटकांचे येणे-जाणे वाढते. दिवस लहान होऊ लागल्याने अनेक वेलींवर मादी फुलांचे प्रमाणही वाढते. या सर्वांचा परिणाम म्हणून थोड्याच दिवसांत मांडव फळांनी लगडतो. वाल व पावटा यांच्या पारंपरिक वाणांना फुलोरा येण्यासाठी लहान दिवस लागतात. त्यामुळे त्यांचे वेल या काळात केवळ पसरतात आणि शेंगा पुढे हिवाळ्यात मिळतात.

फुलांच्या वेळा आणि परागीभवन

एकाच मांडवावरील फुले एकाच वेळी उमलत नाहीत. तांबड्या भोपळ्याचे मोठे पिवळे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढताच मिटू लागते. काकडी, कारले व घोसाळे यांची पिवळी फुलेही सकाळची असतात. दोडका हा घोसाळ्याचा जवळचा नातलग असूनही त्याची फुले मात्र सायंकाळी उमलतात. दुधीची पांढरी फुले दिवस कलताना उघडतात, तर पडवळाची झालरीसारख्या तंतूंनी नटलेली पांढरी फुले रात्री पूर्ण उमलतात.

सकाळच्या फुलांवर सातेरी मधमाशी, लहान फुलोरी मधमाशी व डंखरहित मधमाशी प्रामुख्याने येतात. भेंडी, वाल व पावटा यांच्या फुलांवर काळाभोर, मोठा सुतार भुंगा दिसतो. मादी भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत छिद्र पाडून आपले घर करतो, म्हणून जुना मांडव हे त्याचे आवडते ठिकाण असते. सायंकाळच्या व रात्रीच्या पांढऱ्या फुलांवर लांब सोंडेचे निशाचर पतंग येतात. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो. दिवसा त्याच बागेत पाहणी करणाऱ्यास हे पतंग दिसत नाहीत. त्यामुळे दुधी व पडवळ यांच्या फळधारणेतील त्यांचा वाटा सहसा दुर्लक्षित राहतो.

परागीभवन झाले नाही तर मादी फुलाखालील कोवळे फळ पिवळे पडून गळते. ते अपुरे झाले तर काकडी किंवा दुधी एका बाजूने आखडून वाकडी होते. कीटक कमी असतील तेव्हा हाताने परागीभवन करता येते. त्यासाठी त्याच जातीचे ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढतात व त्यातील परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर हलकेच टेकवतात. भोपळ्यासाठी हे काम सकाळी लवकर, तर दोडका व दुधी यांसाठी सायंकाळी करावे लागते.

काढणी

परसबागेतील काढणी शेतातील पिकाप्रमाणे एकदम होत नाही. ती एक-दोन दिवसांआड चालू राहते. फळातील बी पक्व होऊ लागले की वेलीची शक्ती त्या फळाकडे वळते व नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते. म्हणून नियमित तोडणी हाच पीक लांबवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. निरनिराळ्या भाज्यांच्या तोडणीच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत :

• भेंडी : फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत तोडण्याजोगी होते. टोक सहज मोडले तर भेंडी कोवळी. ते वाकले पण मोडले नाही तर ती जून झाली.
• दुधी : सालीवर बारीक लव असते व नख सहज रुतते, तोवर तो भाजीसाठी योग्य असतो.
• दोडका व घोसाळे : दोडक्याच्या शिरा कठीण होण्यापूर्वी तोडावा. जून घोसाळ्याचा गर निघून जाऊन आत तंतूंची जाळी उरते. ती अंग घासण्यासाठी वापरतात.
• कारले : आतील बिया टणक होण्यापूर्वी, हिरवे किंवा पांढरट असताना काढावे. पिकलेले कारले नारिंगी होऊन उकलते.
• पडवळ : कोवळे असताना तोडतात. फळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकास लहानसा दगड बांधण्याची जुनी रीत आहे.
• तांबडा भोपळा : साल नखाने दबत नाही आणि देठ वाळून लाकडासारखा होतो, तेव्हा पक्व समजावा. देठाचा काही भाग ठेवून कापलेला भोपळा हवेशीर जागी अनेक महिने टिकतो.
• कोहळा : पक्व झाल्यावर सालीवर पांढरी, भुकटीसारखी मेणचट लव धरते.
• मका : कणसाच्या टोकावरील केस वाळून तपकिरी झाले आणि दाणा दाबल्यावर दुधासारखा रस आला की कणीस भाजण्याजोगे असते.
• सुरण : पाने पिवळी पडून कोलमडू लागली की कंद खणतात. हे काम आश्विनानंतर सुरू होते.

कोकण व गोव्यातील तवसे ही मोठी काकडी कोवळी तर खातातच, पण काही फळे मुद्दाम वेलीवर पिकू देतात. पिकलेली तवशी दोरीने बांधून माळ्याखाली टांगून ठेवतात. त्यांपासून धोंडस किंवा तवसोळी हा गोड पदार्थ करतात.

दुधी, काकडी किंवा दोडका चवीला कडू लागल्यास तो खाऊ नये. या वर्गातील वनस्पतींत कुकर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात व त्यांचे प्रमाण वाढल्यास ती विषारी ठरतात. कडू दुधीचा रस प्याल्याने तीव्र उलट्या, जुलाब, रक्तस्राव आणि क्वचित मृत्यू ओढवल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. शिजवल्याने हा कडवटपणा जात नाही. भाजी चिरताना लहानसा तुकडा चाखून पाहण्याची घरोघरची सवय यामुळे महत्त्वाची ठरते. कारल्याचा स्वाभाविक कडूपणा वेगळ्या द्रव्यांमुळे असतो.

फळमाशी आणि इतर उपद्रवी जीव

वेलवर्गीय भाज्यांचे सर्वांत अधिक नुकसान फळमाशी करते. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्या ठिकाणी बारीक छिद्र दिसते व कधी त्यातून डिंकासारखा रस येतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या गर खातात, फळ सडते व गळून पडते. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून जमिनीत कोष करतात व त्यांतून नव्या माश्या निघतात. उबदार हवेत हे चक्र साधारण दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते.

या चक्रामुळे किडके फळ वेलीखाली तसेच पडू देणे किंवा उघड्या उकिरड्यावर फेकणे हे पुढच्या पिढीची सोय करण्यासारखे असते. अशी फळे रोज वेचून खोल पुरावीत किंवा बंद पिशवीत घालून उन्हात ठेवावीत. कोवळ्या फळावर कागदी किंवा कापडी पिशवी चढवल्यास माशीला अंडी घालता येत नाहीत. क्यू-ल्यूर या गंधद्रव्याच्या सापळ्यांत वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीचे नर अडकतात. आंब्यावरील फळमाशीसाठी मिथिल युजेनॉल हे वेगळे गंधद्रव्य वापरले जाते. म्हणून सापळा घेताना पीक पाहून गंधद्रव्य निवडावे लागते.

मोठी आफ्रिकी गोगलगाय रात्री पाने, रोपे व जमिनीला टेकलेली फळे खाते. ती मूळची पूर्व आफ्रिकेची असून १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तेथून पुढे पसरली. गोगलगायी रात्री गोळा कराव्या लागतात. त्यांच्यात मनुष्याला अपायकारक सूत्रकृमी असू शकतात, म्हणून त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पालेभाजी नीट धुऊन घ्यावी.

पाने खाणारी प्रत्येक अळी मात्र शत्रू समजता येत नाही. कढीपत्ता व लिंबू यांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवी होणारी अळी मॉरमॉन गटातील फुलपाखरांची असू शकते. या गटातील ब्ल्यू मॉरमॉन हे २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. वाढलेल्या झाडावरील दोन-चार अळ्यांमुळे झाडाचे विशेष नुकसान होत नाही.

मित्रकीटक, बेडूक व पक्षी

भेंडी, वाल व मिरची यांवरील मावा ही ढालकिड्याची व त्याच्या अळीची मुख्य शिकार आहे. दिसायला त्याच्यासारखा, पण मंद तांबूस व अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा मात्र वांगी व कारली यांची पाने खरवडून खातो. हा भेद ओळखणे आवश्यक असते. कुंभारीण माशी मातीच्या लहान कोठ्या बांधून त्यांत बधिर केलेल्या अळ्या आपल्या पिलांसाठी साठवते. कोळी, गांधीलमाशी, खंडोबाचा घोडा अथवा प्रार्थनाकीटक आणि चतुर हेही किडींचे भक्षक आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोकळ्या जागेवर थव्याने उडणाऱ्या पिवळसर चतुरांपैकी काही हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे मानले जाते.

बेडूक व भेक रात्री कीटक टिपतात. सरडा व पाल हेही तेच काम करतात. शिंपी पक्षी रुंद पाने तंतूंनी शिवून घरटे करतो आणि पिलांना अळ्या भरवतो. दयाळ, सातभाई, कोतवाल व वेडा राघू हे कीटकभक्षी आहेत. भारद्वाज गोगलगायीही खातो. शिंजीर केळफुलातील मध पितो. बुलबुल पपई व मिरची यांवर ताव मारतो, पण उकललेल्या कारल्यातील बियांभोवतीचा लाल गर खाऊन त्या बिया दूरवरही नेतो. आश्विनात धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन वाफ्यांतील ओल्या मातीवर कीटक शोधताना दिसतात. पोपट मात्र मक्याच्या कणसांची नासाडी करतात. कणसांवर कापड बांधणे हा त्यावर निरुपद्रवी उपाय आहे.

सस्तन प्राणी

उंदीर व घूस कंद पोखरतात आणि जमिनीवरील भोपळे कुरतडतात. फळाखाली गवताऐवजी फळी किंवा दगड ठेवल्यास नुकसान काहीसे कमी होते. पिंगळा, गव्हाणी घुबड, मुंगूस व धामण हे उंदरांचे नैसर्गिक नियंत्रक आहेत. फलाहारी वटवाघळे पेरू व चिकू खातात. तीच केळफुलांनाही भेट देतात.

कोकण व घाटमाथ्यावरील गावांत परसबागेपुढील खरा प्रश्न माकडे, वानर व रानडुकरे यांचा असतो. रानडुक्कर व साळिंदर कंदांसाठी वाफे उकरतात. माकडांची टोळी एका सकाळीत मांडव रिकामा करते. खाल्लेल्यापेक्षा तोडून टाकलेले अधिक असते. यामुळे अनेक कुटुंबांनी वेलभाज्या लावणे सोडून हळद, सुरण, अळू अशा माकडे सहसा न खाणाऱ्या पिकांकडे वळणे पसंत केले आहे. जाळी, राखण आणि तयार फळ वेलीवर न ठेवणे हे उपाय केले जातात, परंतु त्यांपैकी एकही कायमचा ठरत नाही.

सापांविषयी दक्षता

उंदीर व बेडूक जेथे असतात तेथे साप येतात. परसबागेत वारंवार दिसणारी धामण बिनविषारी आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप आहेत. दाट वेलीत किंवा पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो भाग हलवावा. सायंकाळच्या कामासाठी विजेरी व पाय झाकणारी पादत्राणे वापरावीत. सरपणाचे ढीग घराला लागून रचू नयेत. सर्पदंश झाल्यास दंशाची जागा कापणे, विष चोखणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे टाळावे व रुग्णाची हालचाल कमीत कमी ठेवून त्याला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. साप, मुंगूस व मोर यांना मारणे किंवा पकडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

फवारणीची वेळ

मधमाश्या वाचाव्यात म्हणून औषधफवारणी सायंकाळी करावी, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. काकडी, कारले व भोपळा यांच्या बाबतीत तो योग्य आहे. तथापि दोडका, दुधी व पडवळ यांची फुले नेमकी सायंकाळी किंवा रात्री उमलत असल्याने त्या वेळची फवारणी त्यांच्या परागीभवनासाठी येणाऱ्या पतंगांना घातक ठरू शकते. मिश्र मांडवावर अशी निर्धोक वेळ जवळजवळ नसतेच. म्हणून परसबागेत किडकी पाने खुडणे, अळ्या वेचणे, पिशव्या चढवणे व सापळे लावणे हे उपाय अधिक उपयुक्त ठरतात. फवारणी करणे भागच पडले तर निंबोळी अर्कासारखे सौम्य द्रव्य, फुले टाळून, केवळ कीड असलेल्या भागावर वापरावे.

सण व परंपरा

भाद्रपद शुद्ध पंचमीस येणाऱ्या ऋषिपंचमीच्या व्रतात बैलाच्या श्रमावाचून पिकलेले अन्न खाण्याचा नियम आहे. नांगर न लागणारी परसबाग हा त्याचा स्वाभाविक आधार होय. अळू, तांबडा माठ, भेंडी, पडवळ, दोडका, काकडी, भोपळा, सुरण, मका अशा अनेक भाज्या एकत्र शिजवून ‘ऋषीची भाजी’ केली जाते. त्या पंधरवड्यात परसात काय तयार होते, याची ही भाजी म्हणजे एक यादीच असते. गोव्यात गणपतीच्या मूर्तीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीत व सिंधुदुर्गातील तशाच माटवीत परसातील आणि रानातील फळे, भाज्या व वेली टांगतात.

बियाणे राखणे

काढणीच्या अखेरीस प्रत्येक जातीची एक-दोन निरोगी, सुडौल फळे बियाण्यासाठी वेलीवरच राखली जातात. पहिल्या बहराच्या जोमदार वेलीवरील फळ यासाठी निवडणे इष्ट असते. दुधी, दोडका व घोसाळे वेलीवर पूर्ण वाळू देतात; काकडी व भोपळा पिकल्यावर बी काढून, धुऊन सावलीत वाळवतात व राखेत घोळून ठेवतात. कीटक एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर पराग नेत असल्याने एकाच जातीचे दोन वाण जवळ असल्यास बियाण्यात मिसळ होते. वाण शुद्ध राखावयाचा असल्यास मादी फूल उमलण्यापूर्वी बांधून ठेवतात व हाताने परागीभवन करतात. कडू निघालेल्या फळाचे बी मुळीच राखत नाहीत.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली या संस्थेने कारल्याचा ‘कोकण तारा’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’ व दोडक्याचा ‘कोकण हरिता’ असे वाण विकसित केले आहेत. दुसरीकडे घरोघरचे गावठी वाण टिकवण्याचे काम मुख्यतः स्त्रियांनी केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा व इतर देशी भाज्यांचे बियाणे गोळा करून बियाणे बँक उभारली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. वेलीवर राखलेले एखादे फळ तोडायचे विसरले म्हणून नव्हे, तर पुढच्या मृगासाठी मुद्दाम सोडलेले असते. परसातल्या जुन्या वाणांचे सातत्य या फळांवरच अवलंबून आहे.